हवाई वाहतूक नियंत्रक कसं होतात? परीक्षेपासून हेडसेटपर्यंतचा प्रवास

नागपूरहून मुंबईला निघालेलं विमान जागेवरून कधी हलवायचं, धावपट्टीवर कधी यायचं, किती उंचीवर उडायचं आणि मुंबईजवळ रांगेत कितवा नंबर लावायचा, हे वैमानिक एकटा ठरवत नाही. प्रत्येक टप्प्यावर जमिनीवरून कुणीतरी त्याच्याशी रेडिओवर बोलत असतं. त्या व्यक्तीला हवाई वाहतूक नियंत्रक किंवा बोलीभाषेत एटीसी कंट्रोलर म्हणतात.

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केलेल्या किंवा इंजिनिअरिंग केलेल्या मुलामुलींसाठी ही एक चांगली सरकारी नोकरी आहे. पण तिच्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लेखी परीक्षेत निवड झाली की कंट्रोलर झालो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात परीक्षा हे फक्त दार आहे. विमानाला एकट्यानं सूचना देण्याचा अधिकार त्यानंतर बऱ्याच काळानं मिळतो, तो ठरावीक जागेपुरताच मिळतो आणि वापरात राहिला नाही तर जातोही. हे सगळं कसं घडतं, ते क्रमानं पाहूया.

कंट्रोलर नेमकं काय करतात?

विमानतळावर हातात रंगीत दांडे घेऊन विमानाला जागा दाखवणारा माणूस म्हणजे कंट्रोलर नव्हे. त्याला मार्शलर म्हणतात. कंट्रोलरचं काम विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणं आणि वाहतूक न तुंबवता पुढे सरकवणं हे आहे.

हे काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं. विमानतळाच्या उंच मनोऱ्यात बसलेले कंट्रोलर धावपट्टी, टॅक्सी मार्ग आणि विमानतळाजवळचं आकाश सांभाळतात. विमान उडालं की ते अप्रोच कंट्रोलकडे जातं. वर चढणारी आणि उतरायला येणारी विमानं एकमेकांपासून दूर ठेवणं आणि उतरणाऱ्यांची रांग लावणं हे अप्रोचचं काम. त्यापुढे दोन शहरांमधला लांबचा प्रवास एरिया कंट्रोल पाहतं. अप्रोच आणि एरियाचे कंट्रोलर बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या खोलीत पडद्यासमोर बसलेले असतात. नागपूर ते मुंबई या तासा-दीड तासात वैमानिक अनेक वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो आणि दर वेळी त्याला नवा कंट्रोलर भेटतो.

अंतराचे नियम ठरलेले आहेत. साधारणपणे दोन विमानांत उभं अंतर किमान १,००० फूट हवं. तेवढं नसेल, तर रडारच्या क्षेत्रात आडवं अंतर सहसा ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर, आणि मोठ्या विमानतळाजवळ ३ सागरी मैलांपर्यंत ठेवता येतं. नऊ किलोमीटर पुष्कळ वाटतात. पण ताशी ८०० किलोमीटर वेगानं समोरासमोर येणारी दोन विमानं हे अंतर वीस-एकवीस सेकंदांत संपवतात. एक सूचना द्यायची, वैमानिकानं ती परत म्हणून दाखवायची आणि मग विमान वळवायचं, हे सगळं त्याआधी व्हायला हवं. म्हणून कंट्रोलरला गोष्ट घडल्यावर नव्हे, घडण्याच्या काही मिनिटं आधी दिसावी लागते.

ही नोकरी देतं कोण?

भारतातलं नागरी हवाई नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे एएआयकडे आहे. १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या संस्था एकत्र करून हे प्राधिकरण अस्तित्वात आलं. मुंबईसारखा विमानतळ खासगी कंपनी चालवत असली तरी तिथले कंट्रोलर एएआयचेच असतात. गोव्यातल्या मोपा विमानतळावरही तसंच आहे. देशाचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेलं आहे आणि मुंबईच्या क्षेत्रात अरबी समुद्राचा मोठा भागही येतो.

पुणे आणि दाबोळी यांची गोष्ट वेगळी आहे. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि दाबोळी नौदलाचा. तिथे प्रवासी विमानांनाही लष्करी कंट्रोलर सूचना देतात.

एएआयमध्ये प्रवेशाचं पद आहे ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एटीसी. जाहिरात दरवर्षी ठरावीक महिन्यात येतेच असं नाही. २०२२ मध्ये ४०० जागांची, २०२३ च्या अखेरीस ४९६ जागांची आणि २०२५ मध्ये ३०९ जागांची भरती निघाली. दोन जाहिरातींमध्ये वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं. वयाची अट पाहता हे अंतर महत्त्वाचं ठरतं.

अर्ज कोण करू शकतं?

शिक्षणाची अट दोन प्रकारे पूर्ण होते. पहिला मार्ग म्हणजे भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असलेली तीन वर्षांची पूर्णवेळ, नियमित बीएस्सी. दुसरा मार्ग कोणत्याही शाखेच्या पूर्णवेळ, नियमित इंजिनिअरिंग पदवीचा, मात्र तिच्या एखाद्या तरी सत्रात हे दोन विषय असायला हवेत. शिवाय दहावी किंवा बारावीला इंग्रजी हा विषय घेऊन उत्तीर्ण झालेलं असावं लागतं.

इथे दोन ठिकाणी मुलं अडकतात. एक, पदवी नियमित असण्याची अट. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणातून घेतलेली पदवी यात बसत नाही. दुसरं, बीएस्सीला विषय निवडताना गणित सोडून दिलेलं असणं. केवळ बारावीला गणित असून भागत नाही. त्यामुळे ज्यांच्या डोक्यात ही नोकरी आहे, त्यांनी पहिल्या वर्षाला विषय घेतानाच ही अट वाचलेली बरी.

वयाची कमाल मर्यादा २७ वर्षं आहे. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं आणि नॉन-क्रीमीलेअर ओबीसींना ३ वर्षं सवलत मिळते. वय कोणत्या तारखेला मोजायचं, हे प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं.

आणखी एक गोंधळ गेटच्या गुणांचा. एएआय सिव्हिल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांच्या काही जागा गेटच्या गुणांवर भरते. त्या जागांचं पदनाम ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह हेच असलं, तरी त्यांचा एटीसीशी संबंध नाही. एटीसीसाठी एएआयची स्वतंत्र परीक्षा असते.

लेखी परीक्षा कशी असते?

परीक्षा संगणकावर होते. अलीकडच्या भरतींमध्ये दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी एक गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. निम्मे, म्हणजे ६० प्रश्न भौतिकशास्त्र आणि गणिताचे असतात. उरलेल्या ६० मध्ये इंग्रजीचे २०, तर्कक्षमतेचे १५, अंकगणिताचे १५ आणि सामान्यज्ञानाचे १० अशी विभागणी असते.

भौतिकशास्त्र आणि गणिताचे बरेचसे प्रश्न अकरावी-बारावीच्या पायावर उभे असतात, काही पदवीच्या पातळीवर जातात. बँकेच्या किंवा एमपीएससीच्या तयारीतून आलेल्या मुलांना तर्क आणि अंकगणित सोपं जातं, पण खरा फरक पडतो तो या निम्म्या भागात. गुण कापले जात नसल्यानं एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. आणि १२० मिनिटांत १२० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एकच मिनिट, त्यामुळे वेग हीसुद्धा तयारीचाच भाग.

गुण मिळाले, पुढे काय?

लेखी परीक्षेत वर आलेल्यांना पुढच्या फेरीला बोलावतात. तिथे पारंपरिक मुलाखत नसते. कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, अमली पदार्थांची तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमीची चौकशी एवढं सगळं असतं.

आवाजाच्या चाचणीचं नाव ऐकून मुलं धास्तावतात. तिथे गोड किंवा भारदस्त आवाज शोधत नाहीत. इंग्रजी उतारा वाचायला आणि थोडं बोलायला सांगतात आणि उच्चार स्पष्ट आहेत का, बोलताना अडखळणं किंवा तोतरेपणा आहे का, हे पाहतात. मराठी वळणाचं इंग्रजी असेल तर बिघडत नाही. शब्द गिळले जात असतील, आकडे घाईत एकमेकांत मिसळत असतील, तर मात्र अडचण येते. रोज दहा मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं हा यावरचा साधा, फुकटचा उपाय आहे.

वैद्यकीय तपासणी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, तिसऱ्या वर्गाच्या निकषांवर बेतलेली असते. चष्मा असला म्हणून कुणी बाद होत नाही. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दृष्टी किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ असावी, असा आयकाओचा निकष आहे. ऐकण्याची क्षमता, रक्तदाब, हृदय, फिट येण्याचा इतिहास, मानसिक आरोग्य हेही पाहतात.

सर्वांत जास्त निराशा रंगांधळेपणामुळे होते. मनोऱ्यातून दिव्यांचे रंग ओळखावे लागतात आणि पडद्यावरही अनेक गोष्टी रंगांनी दाखवलेल्या असतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे पुरुषांमध्ये बऱ्यापैकी आढळतं आणि अनेकांना ते आयुष्यभर लक्षातही येत नाही. नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा चाचणीला काही मिनिटं लागतात. एक-दोन वर्षं अभ्यास करून शेवटच्या फेरीत हे कळण्यापेक्षा तयारीच्या पहिल्याच आठवड्यात तपासून घेणं शहाणपणाचं आहे.

बोलण्याला इतकं महत्त्व का?

याचं उत्तर दोन अपघातांत आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मरण पावले. एका विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची माहिती दिली गेली होती, उड्डाणाची परवानगी नव्हे. पण त्या संवादात ‘टेकऑफ’ हा शब्द येऊन गेला आणि त्या विमानाच्या कॅप्टननं धावायला सुरुवात केली. त्यानंतर नियम कडक झाला. आज ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात.

दुसरा अपघात आपल्याकडचा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ एकमेकांवर आदळलं. ३४९ जणांचा जीव गेला, एकही वाचला नाही. दिल्लीच्या कंट्रोलरनं कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून विमान येत असल्याचंही कळवलं होतं. तरी कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाच्या चालक दलाचा दोष आढळला. इंग्रजी नीट न समजणं आणि विमानातला आपसातला विसंवाद हे मुद्दे त्यात पुढे आले. तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरकडे विमानाची खरी उंची पडद्यावर दाखवणारं दुय्यम रडार वापरात नव्हतं. या अपघातानंतर अशी रडार आली, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि विमानांत धडक टाळणारी यंत्रणा बंधनकारक झाली.

कंट्रोलरची सूचना अचूक असूनही अपघात होऊ शकतो, हे चरखी दादरीनं दाखवलं. म्हणून समोरच्याला आपलं बोलणं खरंच कळलं आहे का, यावर कान ठेवणं हाही कामाचाच भाग आहे. वैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवायची आणि ती चुकली तर कंट्रोलरनं तिथल्या तिथे दुरुस्त करायची, ही पद्धत प्रशिक्षणात इतकी घोटून घेतात की ती सवय होऊन जाते.

प्रशिक्षण: प्रयागराज, हैदराबाद आणि गोंदिया

निवड झालेल्यांचं प्रशिक्षण एएआयच्या संस्थांमध्ये होतं. त्यातली सर्वांत जुनी संस्था म्हणजे प्रयागराजचं नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय. ते १९४८ पासून आहे. हैदराबादला एक केंद्र आहे आणि तिसरं आपल्या गोंदियात.

काही महिन्यांच्या या निवासी प्रशिक्षणात हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानांचे प्रकार, दळणवळणाची साधनं आणि शोध-बचाव असे विषय शिकवतात. ठरलेली रेडिओ भाषा पाठ करावी लागते. अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी म्हणायची. नऊला ‘नाइनर’ म्हणायचं, म्हणजे ‘फाइव्ह’शी गल्लत होत नाही. आकडे एकेक करून सांगायचे.

मग सिम्युलेटर येतो. खोट्या मनोऱ्यात काचेऐवजी पडदे असतात, त्यावर विमानं उतरतात-उडतात आणि पलीकडच्या खोलीत बसलेली माणसं वैमानिकाची भूमिका करतात. सुरुवातीला दोन-तीन विमानं, मग पाच-सहा, मग त्यातल्या एकाचं इंजिन बंद पडतं किंवा रेडिओ बोलेनासा होतो. रडारविना, केवळ वेळ, उंची आणि वैमानिकानं कळवलेल्या ठिकाणांवरून अंतर राखण्याची पद्धतही शिकवतात. पडदा अचानक काळा झाला तरी डोक्यातलं चित्र टिकलं पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

पुस्तकी हुशार मुलं इथे कधी कधी गडबडतात. दोन तासांच्या पेपरमध्ये अवघड प्रश्न बाजूला ठेवून नंतर त्याकडे वळता येतं. कन्सोलवर तशी सोय नाही. थोडं अपूर्ण उत्तर वेळेत देणं हे अचूक उत्तर उशिरा देण्यापेक्षा इथे मोलाचं असतं. हे जमेपर्यंत प्रशिक्षक तेच तेच प्रसंग पुन्हा करून घेतात.

लायसन्स आणि रेटिंग

प्रशिक्षण संपवून विमानतळावर रुजू झालं तरी एकट्यानं बसायला मिळत नाही. आता खऱ्या विमानांवरचा सराव सुरू होतो. हेडसेट तुमच्या कानाला असतो, पण शेजारी परवानाधारक प्रशिक्षक स्वतःचा हेडसेट लावून बसलेला असतो. तुमचं चुकलं तर तो क्षणात संवाद आपल्याकडे घेतो. जबाबदारीही त्याचीच असते.

आयकाओच्या मानकानुसार मनोऱ्याच्या कामासाठी असा सराव किमान ९० तास किंवा एक महिना यांतला जो काळ मोठा असेल तेवढा हवा. अप्रोच आणि एरियासाठी तो १८० तास किंवा तीन महिने आहे. हे किमान झालं. गजबजलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. त्यानंतर परीक्षा होते आणि त्या कामाचं रेटिंग मिळतं. लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. इंग्रजीसाठी आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी लागते आणि ती चौथीच राहिली तर दर तीन वर्षांनी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

रेटिंग ठरावीक ठिकाणच्या ठरावीक कामाचं असतं. नागपूरच्या मनोऱ्याचं रेटिंग घेऊन मुंबईत बदली झाली, तर तिथे पुन्हा शिकाऊ म्हणून सुरुवात करावी लागते. कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथली रांग वेगळी, आजूबाजूचं आकाश वेगळं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागल्यानं ते आणखी दाट झालं आहे. आणि सलग सहा महिने ते काम केलं नाही, तर आयकाओच्या मानकानुसार रेटिंग रद्द होतं. मोठं आजारपण, लांब रजा किंवा कार्यालयीन पदावर गेल्यानंतर परत येणाऱ्या वरिष्ठांनाही हा नियम लागू असतो. वैद्यकीय तपासणीही ठरावीक काळानं होत राहते.

पगार, बदली आणि शिफ्ट

ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये आहे. भत्ते धरून वर्षाचा एकूण खर्च सुमारे १३ लाख रुपये असल्याचं एएआयच्या २०२५ च्या जाहिरातीत म्हटलं होतं. हा आकडा हातात पडणाऱ्या पगाराचा नव्हे, हे लक्षात ठेवावं. रेटिंग मिळाल्यावर त्याचा वेगळा भत्ता मिळतो. प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक वर्षं सेवेची हमी देणारा बाँड लिहून द्यावा लागतो, त्याची रक्कम आणि मुदत जाहिरातीत पाहावी.

नोकरी देशभर कुठेही असू शकते. काम चोवीस तास चालतं, त्यामुळे रात्रपाळी आहे आणि गणपती-दिवाळीला ड्यूटी लागू शकते. कन्सोलवर सलग किती वेळ बसायचं यावर मर्यादा आहे आणि मध्ये विश्रांती सक्तीची आहे. थकलेला कंट्रोलर हा धोका आहे, हे नियमांनीच मान्य केलेलं आहे.

लष्करातला मार्ग

लष्करी तळांवरचे कंट्रोलर हे अधिकारी असतात. नौदल शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून एटीसी शाखेसाठी इंजिनिअर घेतं. हवाई दलात हे काम प्रशासन शाखेच्या अधिकाऱ्यांकडे असतं आणि त्या शाखेत जाण्याचा एक मार्ग एएफसीएटी परीक्षेचा आहे. तिथे एसएसबीची निवड प्रक्रिया आणि लष्करी प्रशिक्षण हे आणखी दोन टप्पे येतात.

तयारीला लागण्याआधी

खासगी ‘एटीसी कोर्स’ लागतो का? नाही. एएआयला असं कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. लेखी परीक्षेसाठी शिकवणी लावणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण नोकरीची हमी देऊन लाखो रुपये घेणाऱ्यांपासून लांब राहावं. प्रशिक्षण निवडीनंतर एएआय स्वतःच देतं आणि जाहिरात व निकाल तिच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात.

मराठी माध्यमातल्या मुलांना जमेल का? रेडिओची भाषा मोजक्या, ठरलेल्या वाक्यांची असते आणि ती शिकवली जाते. मात्र तातडीच्या प्रसंगी साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता आणि समजून घेता आला पाहिजे. त्यासाठी पदवीची तीन वर्षं पुरेशी आहेत, फक्त ती वापरायला हवीत.

आणि शेवटी, क्रम महत्त्वाचा. आधी डोळे आणि रंगदृष्टी तपासा, मग पदवीचे विषय आणि नियमितपणाची अट पडताळा, मग २७ वर्षांपर्यंत आपल्या हाती किती संधी आहेत ते मोजा. या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात होतात आणि त्यांवर पुढच्या दोन वर्षांचा अभ्यास अवलंबून असतो.